धर्म हा विषय घेऊन बी. ए. करू इच्छिणाऱ्या खान्देशी विद्यार्थ्यांसाठी

बारावीनंतर मुलाने किंवा मुलीने धर्माचा अभ्यास करायचा म्हटले, की घरात पहिला प्रश्न निघतो तो कीर्तनकार व्हायचे आहे का असा, आणि दुसरा पोटापाण्याचा. पहिल्याचे उत्तर प्रवेशअर्ज भरण्यापूर्वीच स्वतःशी पक्के करून घ्यावे. वारकरी शिक्षणसंस्थेतला विद्यार्थी ज्ञानेश्वरी पाठ करतो ती आचरणासाठी. महाविद्यालयात तीच वाचताना ती कोणत्या काळात, कोणत्या श्रोत्यांसमोर सांगितली गेली आणि पुढच्या शतकांत कोणी तिचा कसा अर्थ लावला, हे तपासायचे असते. राज्यघटनेच्या 28 व्या कलमाने पूर्णपणे सरकारी निधीवर चालणाऱ्या शिक्षणसंस्थांत धार्मिक शिक्षण देण्यास मनाई आहे. मात्र धर्मांविषयी शिकवणे म्हणजे धार्मिक शिक्षण देणे नव्हे, हा भेद सर्वोच्च न्यायालयाने अरुणा रॉय खटल्यात 2002 साली मान्य केला आहे. नातेवाइकांना समजावताना हा दाखला उपयोगी पडतो.

विदेशी विद्यापीठांत या विषयाचे स्वतंत्र विभाग आहेत. इंग्लंडमध्ये लँकेस्टर येथे धर्माचे अभ्यासक निनियन स्मार्ट यांच्या नेतृत्वाखाली 1967 साली असा विभाग सुरू झाला. आपल्याकडील बहुतेक कला महाविद्यालयांच्या यादीत मात्र धर्म हा मुख्य विषय म्हणून आढळत नाही. म्हणून तत्त्वज्ञान, इतिहास किंवा समाजशास्त्र यांपैकी एक मुख्य विषय घ्यावा आणि जोडीला एक भाषा घ्यावी. तत्त्वज्ञानाकडे ओढा असेल तर अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिर या संशोधनसंस्थेची परंपरा आपल्याच खान्देशातली आहे, हे विसरू नये. तरीही माझे मत विचाराल तर समाजशास्त्र किंवा इतिहास अधिक कामाचा, कारण तत्त्वज्ञानात धर्माचे सिद्धान्त भेटतात, पण धर्म पाळणारी माणसे क्वचितच भेटतात.

भाषेच्या बाबतीत आळस करू नये. संस्कृत, पाली, अर्धमागधी, फारसी यांपैकी जी शिकवणारे कोणी जवळ सापडेल ती तीन वर्षे नेटाने शिकावी. महानुभाव पंथाकडे वळायचे असेल तर जुनी मराठी आणि सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांची तोंडओळख हवी, आणि सातपुड्यातील भिल्ल-पावरा समाजांचे देव समजून घ्यायचे असतील तर त्यांच्या बोलीवाचून गत्यंतर नाही. घरची अहिराणी हीदेखील अभ्यासाची भाषा आहे, ही गोष्ट मला फार उशिरा उमगली.

ती कशी, हे कानबाई या खान्देशातल्या कुलदेवीच्या उत्सवाच्या उदाहरणाने सांगतो. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. दुसऱ्या वर्षी प्रकल्पासाठी मी वही घेऊन बसलो आणि घरातील वडीलधाऱ्या पुरुषांना विचारून पूजेचा विधी, स्थापनेची वेळ, विसर्जनाची वाट असे सारे नीटनेटके लिहून काढले. शेवटी 'ही एक प्राचीन अंधश्रद्धा असावी' असे वाक्य ऐटीत जोडले. सरांनी 'प्राचीन' या शब्दाखाली 'कशावरून?' असे लिहिले, 'अंधश्रद्धा' हा शब्द खोडला आणि विचारले, "रात्रभर गाणी कोण म्हणत होते?" गाणी बायका म्हणत होत्या, तीही अहिराणीत, आणि मी त्यांतले एकही टिपले नव्हते. पुढच्या वर्षी मी काकूंजवळ बसलो. रोटांसाठी, म्हणजे कानबाईच्या प्रसादाच्या पोळ्यांसाठी, गहू घेताना घरातील प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ मोजली जात होती. नुकत्याच जन्मलेल्या पुतण्याची मूठ धरायची की नाही यावर दोन जावांत बराच वेळ खल झाला, आणि रोट भाऊबंदांबाहेर द्यायचा नाही, हे मला तिसऱ्यांदा बजावले गेले. भाऊबंदकीत कोण मोजले जाते आणि कोण नाही, हा समाजशास्त्राच्या वर्गात कोरडा वाटलेला प्रश्न त्या परातीत दिसत होता.

यावरून एक सवय लावून घ्यावी. वहीच्या डाव्या पानावर जे दिसले आणि ऐकू आले तेवढेच, शक्यतो बोलणाऱ्याच्याच शब्दांत लिहावे. आपला अर्थ, शंका आणि रागलोभ उजव्या पानावर लिहावेत. सांगणाऱ्याची परवानगी घ्यावी, आणि तो नको म्हणाला तर आग्रह धरू नये. स्वतःची श्रद्धा किंवा नास्तिकता लपवण्याची गरज नाही, परंतु ती डाव्या पानावर उतरू देऊ नये.

एकाच विषयाकडे अनेक बाजूंनी पाहण्याचा सराव करायचा असेल तर मुक्ताईनगरचा परिसर उत्तम. योगी चांगदेवांच्या कोऱ्या पत्राला उत्तर म्हणून ज्ञानदेवांनी 65 ओव्यांची चांगदेव पासष्टी लिहिली, असे परंपरा सांगते. तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचे दगडी मंदिर उभे आहे. आणि मुक्ताबाईंची पालखी दरवर्षी आषाढीला पायी पंढरपुरास जाते. ओव्यांना वाङ्मयाचे, मंदिराला स्थापत्याचे आणि पालखीला माणसांत चालत राहण्याचे शास्त्र लागते. योगी चांगदेव आणि त्या मंदिरातील देव यांचा संबंध गृहीत न धरता पुरावा शोधणे, हा पहिल्या वर्षासाठी चांगला गृहपाठ आहे. याच पद्धतीने थाळनेरचे फारुकी सुलतानांचे मकबरेही अभ्यासावेत, नाहीतर आपला अभ्यास आपल्याच देवघरापुरता उरतो. जुन्या हस्तलिखितांसाठी धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ आणि समर्थ वाग्देवता मंदिर ही ठिकाणे आहेत. तेथे जाताना प्राध्यापकांचे पत्र न्यावे.

पोटापाण्याचे थोडक्यात सांगतो. पदवीनंतर लगेच नोकरी देणारा हा विषय नाही. पुढे एम. ए. केल्यास यूजीसी-नेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेत धर्मांचा तौलनिक अभ्यास हा स्वतंत्र विषय आहे, आणि केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेतील तत्त्वज्ञान या वैकल्पिक विषयात धर्माचे तत्त्वज्ञान नेमलेले आहे. पत्रकारिता, अध्यापन, वस्तुसंग्रहालये येथेही ही तयारी कामी येते. घरच्यांना यापेक्षा मोठे आश्वासन देऊ नये.

प्रवेशअर्ज भरण्याआधी एखाद्या यात्रेत, आपल्या समाजाची नसलेली निवडल्यास उत्तम, दिवसभर थांबून दहा पाने लिहून पाहावीत. संध्याकाळी पाय दुखत असतानाही अकरावे पान लिहावेसे वाटले, तर अर्ज भरावा.