कॅरिबूंची नुसती डोकी मोजू नका: संवर्धनातल्या या चुका टाळा

कॅनडातल्या रानटी कॅरिबूंचा, म्हणजे तिथल्या रेनडिअर हरणांचा, विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: किती उरलेत? घोळ इथूनच सुरू होतो. कळपात पन्नास जनावरं असली तरी माजाच्या हंगामात मोजक्या बलदंड नरांनाच बहुतेक माद्या मिळतात, म्हणून जनुकं पुढे पोचवणारे जीव पन्नासाहून बरेच कमी भरतात. कॅनडाचा ब्रिटिश कोलंबिया प्रांत आणि अमेरिका यांच्या सीमेवरच्या साउथ सेलकर्क कळपात २०१८ साली तीन कॅरिबू उरले होते. तिन्ही माद्या. पुढच्या जानेवारीत शेवटची मादी पकडून रेव्हलस्टोकजवळच्या कुंपणात नेली, पण कळप खरं तर आधीच संपला होता.

दुसरी चूक मला जास्त सलते: ‘कमी पडले तर दुसरीकडून आणू.’ प्रजात एकच असली तरी दक्षिणेकडचे डोंगरी कॅरिबू हिवाळ्यात खोल बर्फावर उभे राहून झाडांवर लोंबणारं शैवाक खातात, आपल्या मसाल्यातल्या दगडफुलाच्या कुळीतलं. ही सवय सगळ्या कॅरिबूंना नसते. २०१२ मध्ये उत्तरेकडचे कॅरिबू दक्षिणेत पर्सेल डोंगरांत सोडले, त्यातले बहुतेक दगावले. आधी वंश आणि राहणी जुळते का ते तपासा, मग हलवा.

वंशाची तपासणी लेंड्यांवरून होते, जनावराला हातही लागत नाही. डीएनए मिळतो तो लेंडीवरच्या पातळ चिकट थरातून. आतड्याच्या पेशी तिथे चिकटलेल्या असतात. म्हणून बर्फातल्या ताज्या, गोठलेल्या लेंड्याच उचला. एका पिशवीत एकाच ढिगातल्या, नाहीतर दोन जनावरांची जनुकं मिसळतात. प्रयोगशाळेत नमुना वाया गेला तर वाटेत तो वितळला होता का, हे आधी पाहा.

आणि जंगल विसरू नका. तोडीचे पट्टे नि तेलशोधाच्या सरळ वाटा कळपांना एकमेकांपासून तोडतात, शिवाय लांडग्यांना आयता रस्ता मिळतो. वेस्ट मोबर्ली आणि सॉल्टो या आदिवासी समाजांनी ब्रिटिश कोलंबियातल्याच क्लिन्से-झा कळपासाठी गाभण माद्यांना कुंपणात सांभाळलं, लांडगे कमी केले आणि जमिनीच्या रक्षणासाठीही ते झगडले. २०१३ मधले ३८ कॅरिबू २०२१ पर्यंत १०१ झाले.