स्क्रीन मध्येच लुकलुकते? आधी टास्क मॅनेजर उघडा

डेस्कटॉपची स्क्रीन अधूनमधून लुकलुकायला लागली की लगेच नवा मॉनिटर बघायला धावू नका. विंडोज असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि पुन्हा लुकलुकेपर्यंत नुसतं बघत बसा. बाकी सगळं लुकलुकतंय पण टास्क मॅनेजर स्थिर, तर दोष बहुधा एखाद्या ॲपचा. अलीकडे काय टाकलंय ते आठवा, अपडेट करा नाहीतर काढून टाका. टास्क मॅनेजरही लुकलुकला, तर संशय डिस्प्ले ड्रायव्हरवर, म्हणजे स्क्रीनवर चित्र दाखवायचं काम सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरवर. अपडेटनंतरच हे सुरू झालं असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन ‘रोल बॅक ड्रायव्हर’ करून, म्हणजे आधीचा ड्रायव्हर परत आणून बघा.

तरीही फरक नाही? मॉनिटर चालू ठेवून सिग्नलची केबल काढा. ‘नो सिग्नल’ ही पाटीसुद्धा थरथरत असेल, तर कॉम्प्युटर निर्दोष. मॉनिटर किंवा त्याचा वीजपुरवठा तपासा. पाटी स्थिर असेल तर दुसरी केबल लावून बघा. मी तर दोन संध्याकाळी ड्रायव्हर बदलण्यात घालवल्या, आणि निघालं काय? टेबल भिंतीला सरकवताना एचडीएमआय केबलची पिन अर्धी बाहेर आली होती!