अमेरिकेत म्हातारपणी मैत्री करायची तर आधी वार ठरवा

“सिनियर सेंटरला जाऊन आले, कुणी बोललंसुद्धा नाही,” अशी तक्रार आमच्या मंडळातल्या बायका माझ्याकडे घेऊन येतात. (सिनियर सेंटर म्हणजे म्हाताऱ्या माणसांनी दिवसा जमायची जागा.) माझा पहिला प्रश्न ठरलेला: किती वेळा गेलात? उत्तरही ठरलेलं: एकदा. अहो, एकदा येणारीला सगळे पाहुणी समजतात. दर मंगळवारी येणारी एखाद्या मंगळवारी दिसली नाही, तर पुढच्या वेळी “कुठे होतात?” असं विचारतात. हे कुणी तुम्हाला विचारलं की समजा, गाडी रुळावर आली.

मी शहात्तर वर्षांची आहे. पिट्सबर्गच्या पूर्वेला मन्रोव्हिलमध्ये एकटी राहते, मुलगा सिॲटलला असतो. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी होती तोवर मैत्रिणी मुद्दाम जोडाव्या लागल्या नाहीत. रोज तीच माणसं, तीच जेवणाची सुट्टी. निवृत्त झाल्यावर कळतं की ती मैत्री आपल्या स्वभावामुळे नव्हती, वेळापत्रकामुळे होती. म्हणून माझा सल्ला साधा आहे: मैत्रीण शोधत हिंडू नका, वेळापत्रक शोधा.

याला आकड्यांचाही आधार आहे. कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल यांनी २०१८ साली नव्या गावी आलेल्या माणसांचा आणि कॉलेजात नव्याने दाखल झालेल्या मुलांचा अभ्यास केला. नुसत्या ओळखीची जुजबी मैत्री व्हायला साधारण ५० तास लागतात, खरी मैत्री व्हायला ९० च्या आसपास आणि जिवलग व्हायला २०० हून जास्त, असं त्यात निघालं. आठवड्याला दोन तास धरले तर पहिला टप्पा सहा महिन्यांनी येतो आणि जिवलग व्हायला दोन वर्षं जातात. म्हणजे तिसऱ्या आठवड्यात “इथल्या लोकांना माणसांची ओढच नाही” असा निकाल देणं जरा घाईचंच.

जागा निवडताना

सिनियर सेंटर म्हणजे गरिबांचं अन्नछत्र, असा आपल्याकडे एक समज आहे. मुलगा डॉक्टर, सून सॉफ्टवेअरमध्ये, मग आपण तिथे कसं जेवायचं? तर ऐका. बहुतेक सेंटरांतलं दुपारचं जेवण १९६५ च्या ओल्डर अमेरिकन्स ॲक्टमधून चालतं. साठी झालेल्या कुणालाही ते मिळतं, आणि जोडीदार साठीच्या आतला असला तरी त्याचंही ताट असतं. उत्पन्न बघून कुणाला नाकारायचं नाही, असा नियमच आहे. दाराशी पेटी असते, त्यात जमेल ते टाकायचं. नाही टाकलं तरी जेवण मिळतंच. कायद्यात नुसतं पोट भरण्याचा विचार नाही, चारचौघांत बसून जेवण्याचाही आहे. नाव बहुधा आदल्या दिवशी द्यावं लागतं. शाकाहारी असाल तर तेव्हाच सांगा, नाहीतर बटाट्यावर सुद्धा मांसाची ग्रेव्ही ओतलेली येते. मी पर्समध्ये लोणच्याची छोटी बाटली नेते. त्या बाटलीने मला जेवढ्या ओळखी करून दिल्या तेवढ्या माझ्या इंग्रजीने दिल्या नसतील.

जेवणानंतर लगेच उठू नका. पत्त्यांचं टेबल बघा. मेंढीकोट खेळत मोठं झालेल्याला हुकूम म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही. ब्रिज आणि युकर यांचे बाकीचे नियम हळूहळू येतात. पत्त्यांचा फायदा असा की हात चालू असतात, त्यामुळे गप्प बसलं तरी अवघड वाटत नाही.

इंग्रजीची भीती वाटत असेल तर लायब्ररीपासून सुरुवात करा. बऱ्याच लायब्ऱ्यांमध्ये इंग्रजी संभाषणाचे गट, विणकामाचे गट, पुस्तकांवर बोलणारे गट असतात, आणि एकही पैसा लागत नाही. विणकाम येत असेल तर शब्द फारसे लागतही नाहीत.

पण सगळ्यात लवकर ओळख होते ती कामाला हात लावल्यावर. आमच्या पिट्सबर्गकडे ईस्टरच्या आधी, ॲश वेन्सडेपासून गुड फ्रायडेपर्यंतच्या शुक्रवारी, चर्चमध्ये आणि फायर स्टेशनच्या हॉलमध्ये ‘फिश फ्राय’ असतो. तळलेल्या माशांसाठी रांगा लागतात, आणि हे सगळं बहुतांशी निवृत्त माणसं फुकट राबून चालवतात. मासे खात नसाल तर पिएरोगी आहेत, म्हणजे बटाट्याचं सारण भरून उकडलेली करंजीच. हलुश्कीही असते: नूडल्स, कोबी, कांदा आणि सढळ हाताने लोणी. बेकन घातलं नाही ना, एवढं विचारून घ्या. नुसतं खाऊन परत आलात तर कुणी लक्षातही ठेवणार नाही. त्याऐवजी “खोकी दुमडायला मदत करू का?” असं विचारा. खोकी दुमडायला माणसं नेहमी कमी पडतात. धर्म कुणी विचारत नाही. आपल्या देवळात प्रसादाचे द्रोण भरताना आपण तरी कुठे विचारतो?

जायचं कसं

मुलांच्या गाडीवर अवलंबून असलेल्यांसाठी: मुलांना “मला कुठेतरी ने” म्हणू नका, एक वार मागून घ्या. “गुरुवारी दहा ते एक मला सोडायचं आणि आणायचं,” एवढं. नातवंडं सांभाळत असाल तर हा गुरुवार तुमचा पगार समजा आणि त्यात तडजोड करू नका.

पेनसिल्व्हेनियात ६५ वर्षं पूर्ण झालेल्यांना गावातली बस फुकट आहे, आणि तो खर्च राज्याच्या लॉटरीतून निघतो. मी जन्मात तिकीट काढलं नाही, पण फिरते लॉटरीवर. बसस्टॉपपर्यंत चालवत नसेल तर घरून नेणारी गाडी आदल्या दिवशी सांगून ठेवता येते. दुसऱ्या राज्यांचे नियम वेगळे आहेत, ते विचारून घ्या.

बोलण्याची रीत

“हाऊ आर यू?” ला गुडघ्यांपासून सुरुवात करू नका. “छान, तुम्ही?” एवढं पुरतं. गुडघ्यांची वेळ ५० तासांनंतर येते. रविवारी स्टीलर्स, म्हणजे आमची फुटबॉलची टीम, जिंकले की हरले एवढं माहीत असलं की सोमवारी कॅशियरपासून पोस्टमनपर्यंत कुणाशीही दोन वाक्यं बोलता येतात. तुमच्या गावात दुसरी टीम असेल, तिचं नाव पाठ करा.

फोन करण्याआधी मेसेज टाका. घरी बोलावलंत तर कधी यायचं आणि कधी संपणार, दोन्ही सांगा. इथे त्यात उद्धटपणा नाही, उलट लोकांना बरं वाटतं. जेवताना आग्रह एकदाच. “नो, थँक यू” म्हणजे खरोखर नको. आपल्या पद्धतीने तिसऱ्यांदा वाढायला गेलात तर माणूस पुढच्या वेळी येणार नाही. हॉटेलात बिल वेगवेगळं हवं असेल तर ऑर्डर देतानाच सांगा, शेवटी हिसकाहिसकी करू नका.

कुणी म्हणालं, “आपण कधीतरी लंचला जाऊ,” तर हसून सोडून देऊ नका. लगेच म्हणा, “पुढच्या बुधवारी?” बहुतेक वेळा समोरची कॅलेंडर काढते. नाही काढलं तरी तुमचं काही गेलं नाही.

शेजाऱ्यांनी केक किंवा कुकीज दिल्या तर ताटली रिकामी परत करू नका. हे मी तुम्हाला सांगायला नको. माझ्या शेजारणीला, जी आयुष्यभर शाळेची बस चालवत होती, हा रिवाज इतका आवडला की आता आमच्यात एकच ताटली फिरते आणि ती मुळात कुणाची हे दोघींनाही सांगता येणार नाही.

याच शेजारणीच्या लॉनवर निवडणुकीच्या वेळी जी पाटी लागते, तिच्या विरुद्ध पाटीला माझं मत जातं. बर्फ पडला की तिचा जावई माझाही ड्राइव्हवे साफ करतो. आमचा नियम असा की पाट्या लागल्यापासून निघेपर्यंत टोमॅटो, नातवंडं आणि रक्तदाब यांवर बोलायचं. इतर वेळी विषय निघालाच तर मी “तुम्हाला असं का वाटतं?” विचारते आणि उत्तर पूर्ण ऐकते. तिला बदलायचं काम मी अंगावर घेतलेलं नाही.

खरं सांगू? अमेरिकन राजकारणाने माझी एकही मैत्री तुटली नाही. तुटल्या त्या मराठी मैत्रिणी, भारतातल्या राजकारणाचे व्हॉट्सॲप फॉरवर्ड पाठवून. चाळीस वर्षं एकत्र गणपती बसवलेली माणसं सकाळी सहा वाजता आलेल्या कुठल्याशा व्हिडिओवरून बोलेनाशी झाली. म्हणून फॉरवर्ड बंद. ज्या गोष्टीवर चहा घेताना समोरासमोर बोलायची हिंमत नाही, ती पाठवू नका.

ऑनलाइन ओळखींबद्दल एवढंच: जो गिफ्ट कार्डावरचे नंबर मागतो तो मित्र नाही. मग तो कितीही गोड बोलो.

रोजचा एक मेसेज

एकट्या राहणाऱ्यांनी हे आजच करावं. कुणीतरी एक जोडीदारीण ठरवा. आम्ही दोघी सकाळी नऊच्या आत चहाच्या कपाचं चित्र पाठवतो, बाकी एक अक्षर नाही. दहापर्यंत कप आला नाही तर फोन. फोन उचलला नाही तर घरी जायचं. एकमेकींची किल्ली दोघींकडे आहे. किल्ली कुठल्या खणात, औषधांची यादी कुठे चिकटवलेली, मुलाचा नंबर काय, हे आधी दाखवून ठेवा. माझी यादी फ्रिजच्या दारावर आहे.

कुणी गेलं तर

आपल्या वयात हा प्रसंग येणारच, आणि नेमकी इथेच आपली माणसं मागे राहतात. “आपल्याला त्यांच्या पद्धती माहीत नाहीत, जाऊन काय बोलायचं?” जा. आमच्या भागात फ्यूनरल होममध्ये ‘व्ह्यूइंग’ म्हणजे अंत्यदर्शन असतं, बऱ्याचदा दुपारी दोन ते चार आणि संध्याकाळी सहा ते आठ. वेळ मृत्यूच्या बातमीत छापलेली असते. निमंत्रण लागत नाही. साधे गडद कपडे घाला. आत शिरल्यावर एक वही असते, तिच्यात नाव नीट वाचता येईल असं लिहा, कारण घरचे नंतर ती बसून वाचतात. मग घरच्यांची रांग लागते. “आय ॲम सो सॉरी” म्हणा, आणि त्यापुढे तुम्ही त्या माणसाला कसं ओळखत होतात ते एका वाक्यात सांगा: “दर मंगळवारी आम्ही पत्ते खेळायचो.” मुलांना आईबापांचे मंगळवार माहीत नसतात. ते वाक्य त्यांना हवं असतं. शवपेटी उघडी असू शकते. जवळ जायचं नसेल तर दुरून हात जोडले तरी चालतं. दहा मिनिटांत निघालात तरी कुणी काही म्हणत नाही. बातमीत फुलांऐवजी देणगी द्या असं लिहिलं असेल तर फुलं नेऊ नका.

आणि मग तीन आठवड्यांनी, सगळ्यांचं येणं-जाणं आटोपल्यावर, त्या घरी फोन करा. मुगाची खिचडी न्या, कमी तिखट. जिचा नवरा गेलाय तिला “काही लागलं तर सांग” म्हणू नका, ती कधीच सांगणार नाही. “मंगळवारी साडेदहाला मी तुला घ्यायला येते,” असं म्हणा.

आपल्या भागात काय काय आहे हे विचारायला एल्डरकेअर लोकेटर नावाची सरकारी सोय आहे: १-८००-६७७-१११६, सोमवार ते शुक्रवार. झिप कोड हाताशी ठेवा, ते तुमच्या भागातल्या, वृद्धांसाठी असलेल्या कचेरीचा नंबर देतात. कचेरीत तीन गोष्टी विचारा: जवळचं सेंटर कुठलं, जेवणासाठी नाव कधीपर्यंत द्यायचं, आणि न्यायला गाडी येते का. आणि शाकाहाराचं तेव्हाच सांगून टाका.