जुनं लोखंड घेताय? घडीव लोखंड घेताना या चुका टाळा

महिन्यातून एकदा तरी कोणीतरी नवीन पोरगा माझ्या भांडुपच्या लोहारकामाच्या शेडवर येतो, हातात गंजलेला गज, आणि म्हणतो दादा बघा ना, रॉट आयर्न (म्हणजे घडीव लोखंड) मिळालं, एकदम ओरिजिनल. मी ग्राइंडर लावतो, फुलबाजीसारख्या पांढऱ्या ठिणग्या फुटतात आणि मला त्याला सांगावं लागतं की बाबा हे साधं एमएस, म्हणजे माइल्ड स्टील, रोजचं पोलाद आहे, आणि तू याचे किलोला दीडशे देऊन आलास. त्याचं तोंड पडतं ते मला बघवत नाही. तीच चूक, तेच पैसे, फक्त पोरगा नवीन. म्हणून एकदा सगळं लिहून टाकतोय.

आधी मूळ मुद्दा. घडीव लोखंड म्हणजे पडलिंगच्या भट्टीत ढवळून काढलेलं लोखंड, ही पद्धत हेन्री कॉर्टने १७८४ ला पेटंट केली. यात कार्बन जवळपास नसतोच, आणि आत काचेसारख्या मळीचे (स्लॅगचे) बारीक लांब धागे असतात. तेच याचं वैशिष्ट्य, त्यामुळेच ते भट्टीत तापवून ठोकलं की इतकं छान जुळतं. १८५६ मध्ये बेसेमरने पोलादाची पद्धत आणली आणि पुढच्या काही दशकांत स्वस्त पोलादाने याला बाजारातून हटवलं. इंग्लंडमध्ये बोल्टनला शेवटचा धंद्याचा पडलिंग कारखाना होता, तोही १९७३ ला थांबला. म्हणजे आज आपल्याला मिळणार ते जुन्या इमारतीतून, जुन्या साखळीतून, जुन्या बिजागरीतूनच.

आता पहिली चूक, नावावर जायचं. मुंबईत कुठल्याही फॅब्रिकेशनच्या दुकानावर ‘रॉट आयर्न गेट, ग्रिल, फर्निचर’ अशी पाटी असते. तिथे मिळतं ते एमएसच, फक्त वेलबुट्टीचं डिझाइन तसं. दुकानदार काही फसवत नसतो, त्या डिझाइनला सगळेच तसं म्हणतात. पण तुम्ही त्याच्याकडे कापलेले तुकडे मागायला जाल तर एमएसच घेऊन याल.

दुसरी, जुनं म्हणजे घडीव असं समजायचं. भंगारवाले काका म्हणतात ‘साहेब, इंग्रजांच्या टायमाचं आहे’ आणि आपण हुरळून जातो. अहो, इंग्रज १९४७ पर्यंत होते, आणि त्याच्या कितीतरी आधीपासून मुंबईत पोलाद येत होतं. टाटांच्या साकचीच्या (आजच्या जमशेदपूरच्या) कारखान्यात पोलाद १९१२ ला निघायला लागलं, त्यामुळे जुन्या तुळईवर टाटाचा शिक्का दिसला तर विषय तिथेच संपला, ते पोलाद. म्हाडाच्या सेस बिल्डिंगांमध्ये (दुरुस्तीसाठी सेस भरणाऱ्या जुन्या इमारतींमध्ये) ए कॅटेगरी म्हणजे १ सप्टेंबर १९४० च्या आधीच्या, तर तेवढं ऐकूनही खूश होऊ नका, १९३५ ची चाळ असेल तर तिच्यात घडीव लोखंड निघायची आशा फार ठेवू नये. एकोणिसाव्या शतकातली इमारत असेल तर मात्र जरूर जाऊन बघा, खिडक्यांचे गज, भिंती आवळून धरणारे टाय रॉड, दरवाज्याच्या लांब पट्टीच्या बिजागऱ्या, गॅलरीचे कठडे.

मुंबईच्या दारूखान्यात, म्हणजे जहाजं तोडायच्या आणि त्यांच्या भंगाराच्या भागात, जाऊन ‘जहाजाचं लोखंड’ म्हणून साखळी उचलायची हीपण त्यातलीच चूक. तिथे तोडलेली जहाजं पोलादाची, साखळीपण पोलादाची.

बिडाबद्दलही, म्हणजे कास्ट आयर्नबद्दलही, एकदाच सांगतो. गिरगाव, काळबादेवीकडच्या गॅलऱ्यांखाली जे फुलापानांचे ब्रॅकेट दिसतात ते बहुतेक बिडाचे, म्हणजे साच्यात ओतलेले. काळा घोड्याची ती एस्प्लनेड मॅन्शन, १८६० च्या दशकातलं वॉटसन हॉटेल, तीसुद्धा बिडाची इमारत म्हणूनच प्रसिद्ध आहे. बीड ऐरणीवर घेतलंत तर भाकरीच्या तुकड्यासारखं चुरा होतं. ओळखायचं कसं? साच्याच्या जोडाची रेघ दिसते, दहाच्या दहा नग तंतोतंत सारखे असतात, आणि ग्राइंडरवर ठिणगी आखूड आणि लालसर येते. हाताने घडवलेल्या कामात दोन नग कधी हुबेहूब सारखे नसतात.

आता ज्याच्यासाठी खरं लिहायला बसलो ते. एका गजावर टेस्ट करून अख्खा लॉट घ्यायचा नाही.

चार वर्षांपूर्वी खेतवाडीत एक जुनी चाळ पाडत होते. गॅलरीचा कठडा, सहा सुती (पाऊण इंची) चौकोनी गज, रिव्हेट मारलेले, आणि एका ठिकाणी रंग उडाला होता तिथे गंज अगदी जुन्या लाकडाच्या रेषांसारखा. मी तळमजल्यावरचा एक गज हॅकसॉने अर्धा कापला, हळूहळू वाकवला, आणि शेवग्याची शेंग मोडल्यावर जसे धागे सुटतात तसे धागे सुटले. खरं घडीव. संध्याकाळ झालेली, मुकादम घाई करत होता की उद्या गॅस कटरवाला येणार आणि सगळं फूट-फूटभर तुकड्यांत जाणार, मीपण म्हटलं कशाला बाकीचे बघत बसू. चाळीस गज, एकशेदहा किलो, सत्तर रुपयांनी सात हजार सातशे मोजून दिले आणि टेम्पोत टाकून भांडुपला आणले.

तिसऱ्या दिवशी कामाला घेतले. दोन गज सुंदर गेले, लोण्यासारखे. तिसरा त्याच आचेवर ठेवला, म्हणजे पांढरट पिवळ्यावर, आणि तो भट्टीतच ठिणग्या टाकायला लागला, बाहेर काढला तर टोक जळून गेलेलं. घडीव लोखंड त्या आचेला मजेत असतं, पोलाद जळतं. मग भट्टी बंद केली आणि रात्री एक वाजेपर्यंत बसून चाळीसच्या चाळीस गजांची टोकं ग्राइंडरवर लावली. तेरा घडीव. सत्तावीस पोलाद. कधीतरी दुरुस्तीत वरच्या मजल्यांचे गज बदलले होते, आणि वेल्डिंगच्या खुणा ऑइल पेंटच्या थरांखाली लपल्या होत्या. तेहतीस किलो घडीव लोखंड मला साधारण दोनशे तीस रुपये किलोने पडलं, टेम्पो वेगळा.

सगळ्यात जास्त लागलं ते पुढचं. दुसऱ्या दिवशी व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावला तर तेरा गज एकोणीस मिलीमीटर, म्हणजे पाऊण इंच, आणि सत्तावीस बरोब्बर वीस मिलीमीटर. इंचातला माल आणि मिलीमीटरमधला माल, दोन वेगळ्या काळातला. दहा मिनिटांचं काम होतं, व्हर्नियर बॅगेतच होता. (मापावरून उलटं अनुमान मात्र काढू नका, इंचातलं पोलादही भरपूर आहे. माप फक्त नवा माल बाहेर काढायला.)

तेव्हापासून माझी सवय अशी की साइटवर बॅटरीचा छोटा ग्राइंडर, व्हर्नियर, हॅकसॉ आणि एमएसचा एक माहितीतला तुकडा नेतो. प्रत्येक गजाचं टोक आधी खरवडून माप, मग ठिणगी, आणि ती एमएसच्या तुकड्याच्या ठिणगीशेजारी बघायची, आठवणीवर नाही. घडीवची ठिणगी लांब, गवती रंगाची, शांत, तिला फाटे फारसे फुटत नाहीत. ऊन असेल तर आडोशाला जाऊन बघा, उन्हात सगळ्याच ठिणग्या सारख्या दिसतात. मग प्रत्येक मजल्यावरचा एक गज कापून वाकवून बघतो. मुकादम घाई करत असेल तर करू दे, ज्या लॉटला टेस्टपुरता वेळ मिळत नाही तो लॉट सोडून द्यायचा.

वाकवताना एक सांभाळा, हळू वाकवा. घणाचा एक जोरदार दणका देऊन मोडलंत तर खरं घडीवसुद्धा चकचकीत दाणेदार मोडतं आणि तुम्ही चांगला माल टाकून याल. हे काही माझं म्हणणं नाही, ग्लासगोत डेव्हिड किर्कालडीने प्रयोग करून १८६२ लाच छापून ठेवलंय.

आता भाव. इथे नवीन मुलं दोन टोकं गाठतात. एक तर चोर बाजारात अँटिक म्हणून नगावर घेतात, तिथे तुम्ही त्या वस्तूच्या दिसण्याचे पैसे देताय, आणि नंतर तीच वस्तू भट्टीत घालणार, याला काही अर्थ नाही. शिवाय एखादी अखंड सुंदर जाळी तोडून गज काढायचे हे मला पटतच नाही, ती जाळी आहे तशी जगू दे. दुसरं टोक म्हणजे भंगाराच्या भावातच पाहिजे म्हणून तासभर घासाघीस. पाडकाम घेणाऱ्याला वितळवायला जाणाऱ्या मालाचा भाव कुठूनही मिळतोच, त्याने तुमच्यासाठी गज अखंड काढायचा, बाजूला ठेवायचा, मग त्याला वर काहीतरी मिळायला नको का? मी त्या दिवसाच्या भंगाराच्या भावाच्या दीडपट सरळ देतो, टेस्ट करून निवडलेला जाड, सरळ माल असेल तर दुप्पट. त्याच्या वर फार क्वचित. आणि यामुळेच पुढच्या साइटला मुकादम स्वतःहून फोन करतो.

पण खरा भाव काट्यावरचा नसतो. पन्नास किलो साठने घेतलंत, तीन हजार. टेम्पो नऊशे. गंजून बारीक झालेलं, रिव्हेटची भोकं, फाटलेली टोकं काढून कामाचं राहिलं तीस किलो. म्हणजे पडलं एकशेतीसने. हा हिशोब घेण्याआधी करायचा, घरी आल्यावर नाही. काट्याचीही खात्री करता येते, जुना नियम आहे की एक चौरस इंच छेदाचं घडीव लोखंड यार्डाला दहा पौंड भरतं, म्हणजे एक इंची चौकोनी गज फुटाला दीड किलो. सहा सुती असेल तर फुटाला साधारण साडेआठशे ग्रॅम. गंज खूप असूनही वजन याच्यापेक्षा जास्त दाखवत असेल तर काटा तपासायला सांगा, शांतपणे.

रेल्वेचं काहीही घेऊ नका. कितीही स्वस्त असो, कोणीही आणून देवो. रेल्वेची चोरीची वस्तू जवळ सापडणं हाच १९६६ च्या कायद्याने गुन्हा आहे.

जुना रंग भट्टीत जाळू नका, त्यात शिसं असतं, आणि कोरडा ग्राइंडही करू नका. रंग काढायची जेल लावा, ओला खरवडा, मास्क घाला. टेस्टसाठी टोक खरवडतानाही हेच. गॅल्वनाइज, म्हणजे जस्ताचा थर दिलेलं असेल तर भट्टीजवळसुद्धा आणू नका, जस्ताच्या धुराने थंडी वाजून ताप भरतो.

फोटो बघून ॲडव्हान्स पाठवू नका.

आणि मग ती तक्रार, ‘दादा, माल खराब निघाला, ठोकला तर उभा चिरला’. माल खराब नसतो हो, बहुतेक वेळा तुम्ही थंड ठोकलेला असतो. एमएसवर शिकलेला हात नारिंगी झालं की ठोकायला लागतो, आणि घडीव लोखंड त्या आचेला धाग्याधाग्यांनी सुटतं. त्याला पांढरट पिवळी आच लागते, आणि नारिंगीवर उतरलं की हात थांबवून परत भट्टीत. घाई असलेल्या माणसाला हे जमत नाही, कारण अर्धा वेळ वाट बघण्यात जातो. चिरलंच तर तसंच पुढे ठोकत राहू नका, टाकणखार (बोरॅक्स) टाकून जोडाच्या आचेला न्या आणि हलक्या हाताने बंद करा, बहुतेक वेळा जुळतं. कठड्याचा, खिडकीचा माल जरा जाडाभरडा असतो, तो एकदा दुमडून जोडून घेतला की खूप सुधारतो. त्यात वजन घटतं, तेवढं भाव ठरवताना धरून चाला.

शेडवर माल आला की त्याच दिवशी खुणा करा. मी टेस्ट झालेल्या घडीवच्या दोन्ही टोकांना पिवळा रंग लावतो, दोन्ही, कारण गज कापला की एक टोक जातं, आणि कापल्यावर नवीन टोकाला लगेच परत लावतो. खेतवाडीचे ते सत्तावीस गज अजून मागच्या भिंतीला उभे आहेत, त्यांना लाल लावलाय. नवीन पोरगा आला की आधी त्याला त्यातला एक आणि पिवळ्यातला एक देतो, ग्राइंडरवर लाव म्हणतो, आणि मग त्याने आणलेला तुकडा हातात घेतो.