सात पानांचा ब्रीफ, आणि कामाची एक ओळ नाही

एकटीने सांभाळलेलं माझं पहिलं कॅम्पेन पाण्याच्या बाटलीचं होतं. क्रिएटरला, म्हणजे सोशल मीडियावर व्हिडिओ करणारीला, काय हवं ते सांगणारा कागद म्हणजे ब्रीफ. माझा सात पानी झाला. ब्रँडची गोष्ट, रंगांचे कोड, 'आमचा टोन कसा आहे' यावर दीड पान. पाठवताना फार भारी वाटलं होतं. क्रिएटरने रीलही झकास केली: सकाळी घरातून निघायची गडबड, गाण्याच्या ठेक्यावर एकेक कट, आणि शेवटी झाकण बंद होतानाचा 'टक' नेमका समेवर. रील चालली. चौथ्या दिवशी बॉस म्हणाले, "हीच ॲड म्हणून चालवू."

बूस्टच होईना, म्हणजे पैसे भरून ती पोस्ट ॲड म्हणून चालवताच येईना. गाणं ट्रेंडिंग होतं, आणि इन्स्टाग्रामवरची अशी गाणी वैयक्तिक पोस्टसाठी असतात. खरं तर पैसे देऊन करून घेतलेल्या रीलमध्येही ते घ्यायला नको होतं, पण पोस्ट करताना कुणी अडवलं नाही. ॲड करायला गेल्यावर अडलं. क्रिएटरला म्हटलं, गाणं तेवढं बदलून द्या. तिची व्हॉइस नोट आली, ती मी अजून जपून ठेवली आहे: "अहो, गाणं बदलायचं म्हणजे सगळे कट बदलायचे. आणि ॲडचं आपलं बोलणंच कुठे झालं होतं?"

ब्रीफ उघडून पाहिला. त्यात लिहिलं होतं, 'ब्रँडला कंटेंट वापरता येईल.' तिने याचा अर्थ घेतला, पेजवर रीपोस्ट. बॉसनी घेतला, ॲड, वेबसाइट, सगळीकडे, कायमचं. आणि मी? मी अर्थ घेतलाच नव्हता. टेम्प्लेटमधली ओळ होती, तशीच ठेवली.

म्हणून, नव्याने ब्रीफ लिहिणाऱ्यांनो, व्हिडिओत काय बोलायचं याच्या आधी व्हिडिओ कुठे जाणार ते लिहा. बाकी बरंच काही त्यावरच ठरतं. फक्त क्रिएटरच्या अकाउंटवर राहणार? कोलॅब पोस्ट (एकच पोस्ट दोघांच्या अकाउंटवर) होणार? ॲड होणार असेल तर क्रिएटरच्या नावाने की ब्रँडच्या? किती दिवस? फाइल आपल्याला कापता येईल की जशीच्या तशी वापरायची? ॲड ठरली की गाणं व्यावसायिक वापराला मोकळं असलेलंच घ्यावं लागतं, आणि ते शूटिंगच्या आधी कळावं लागतं, कारण कट गाण्यावर बसतात. ॲड ठरली की मानधनही बदलतं. क्रिएटरच्या नावाने ॲड (इन्स्टाग्रामवर हिला पार्टनरशिप ॲड म्हणतात) असेल तर तिची परवानगी वेगळी घ्यावी लागते. भारताबाहेरच्या कॅम्पेनमध्ये, टिकटॉकवर अशाच ॲडसाठी (तिथे तिला स्पार्क ॲड म्हणतात) ती कोड देते, आणि त्या कोडला 7, 30, 60 किंवा 365 दिवसांची मुदत असते. किती दिवसांचा कोड हवा, हे व्हिडिओ हिट झाल्यावर विचारायला जाल तर भाव वाढलेला असेल. तिच्या जागी मी असते तर मीही वाढवला असता.

आता माझी ती ओळ अशी असते: 'ही रील तुमच्या अकाउंटवरून पार्टनरशिप ॲड म्हणून 60 दिवस चालेल. वेबसाइटवर वापरणार नाही. लागलीच तर आधी विचारू आणि वेगळे पैसे देऊ.' वकिली भाषा नको. क्रिएटर हे बहुतेक वेळा फोनवर, दोन शूटच्या मधे वाचत असते.

उरलेलं तुम्हाला माहीत असेलच: तारखा, किती रील, किती स्टोरी, बदलांच्या फेऱ्या किती (मी दोन लिहिते). कॅप्शनमधली लिंक इन्स्टाग्रामवर दाबता येत नाही, तेव्हा स्टोरीत लिंक स्टिकर मागा. उभ्या व्हिडिओत अगदी खाली मजकूर नको, तिथे कॅप्शन आणि बटणं येतात.

सिनियर मंडळी सांगतात, "क्रिएटरला मोकळं सोडा." या सल्ल्याचा मला राग येतो, कारण तो अर्धाच असतो. स्क्रिप्ट मोकळी सोडा, हो. वाक्यं लिहून दिलीत तर ती बाई तुमच्यासारखी बोलेल, आणि तिचे फॉलोअर्स तुमच्यासाठी तिथे आलेले नसतात. मुद्दा एकच द्या, फार तर दोन. पण काय बोलायचं नाही, ते मात्र पक्कं लिहा. बाटली चोवीस तास गार ठेवते असा दावा कंपनीच करत नसेल, तर क्रिएटरच्या तोंडूनही तो जाता कामा नये. मोकळीक दिली आणि हद्द सांगितली नाही, तर नंतर अप्रूव्हलच्या वेळी आपण कात्री घेऊन बसतो आणि वर तिलाच अवघड म्हणतो.

आणि एका बाबतीत मोकळीक अजिबात नाही. जाहिरात आहे हे दिसलंच पाहिजे. इन्स्टाग्रामवर पेड पार्टनरशिपचं लेबल, यूट्यूबवर पेड प्रमोशनची खूण. "जाहिरात आहे हे हॅशटॅगच्या गर्दीत शेवटी टाकू, लेबलने रीच पडतो, कमी लोकांना दिसतं" असं कुणी सुचवलं, तर ऐकू नका. ते सुचवणारा नामानिराळा राहतो, ब्रीफवर नाव तुमचं असतं.

घाबरू नका मात्र. त्या बाटलीच्या प्रकरणात माझी नोकरी गेली नाही. आम्ही पुन्हा एडिट करण्याचे पैसे दिले, साधी धून घेतली, ॲड चालली. पहिल्या रीलची मजा तिच्यात नव्हती. तो 'टक' कुठेतरी अधांतरीच पडला.

पुढच्या कॅम्पेनला त्याच क्रिएटरला दीड पानाचा ब्रीफ पाठवला. अर्ध्या तासात तिचा मेसेज: "छान आहे. पण 60 दिवस कधीपासून मोजायचे? पोस्टच्या तारखेपासून की ॲड सुरू झाल्यापासून?"

ते मी लिहिलंच नव्हतं.