वाळूच्या फिशटँकमधली माशांची घाण कशी काढावी

रंगीत खडे काढून टाकीत वाळू घातली की पहिल्या आठवड्यातच बहुतेकांना वाटतं, आपण चूक केली. पांढरट वाळूवर विष्ठेच्या दोऱ्या, खाद्याचे फुगलेले दाणे, झाडांची कुजकी पानं, सगळं उघडं पडलेलं दिसतं. खडे होते तेव्हा टाकी स्वच्छ असायची, असं मन म्हणतं. प्रत्यक्षात घाण तेव्हाही तेवढीच होती, फक्त ती खड्यांच्या फटींत उतरून तिथे सडत होती. अर्धा ते एक मिलिमीटरचे कण असलेल्या वाळूत तिला शिरायला फटच मिळत नाही आणि ती वरच पडून राहते. म्हणून वाळूची टाकी साफ करायला खड्यांच्या टाकीपेक्षा सोपी आहे. फक्त वाळू न उचलता तिच्यावरची घाण उचलायची रीत हाताला बसली पाहिजे.

ही रीत मी उशिरा शिकले, आणि त्याची किंमत माझ्या दोन गोल्डफिशनी मोजली. टाकी घेतली तेव्हा दुकानदाराने सांगितलं होतं, महिन्यातून एकदा मासे बादलीत काढा, वाळू बाहेर काढून नळाखाली धुवा, उन्हात वाळवा आणि नवं पाणी भरा. मी तसंच केलं. वाळू चार पाण्यांनी चोळून धुतली, गच्चीत चादरीवर पसरली, संध्याकाळी टाकी पुन्हा लावली. काच लखलखत होती. चौथ्या दिवशी दोन्ही मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागले. सहाव्या दिवशी सकाळी दोघेही गेलेले होते.

झालं होतं ते असं. माशांच्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो आणि विष्ठा व उरलेलं खाद्य सडूनही तोच तयार होतो. वाळूच्या कणांवर आणि फिल्टरच्या स्पंजात राहणारे जिवाणू या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिले दोन्ही पदार्थ माशांना विषारी असतात, तिसरा त्या मानाने बराच निरुपद्रवी. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने आणि गच्चीतल्या उन्हाने मी ती जिवाणूंची वस्तीच संपवली होती. त्यामुळे कोणी कितीही सांगितलं तरी चालत्या टाकीतली वाळू बाहेर काढून धुऊ नका.

काय काय लागेल

दुकानात तयार सायफन, म्हणजे तळाची घाण पाण्याबरोबर बादलीत ओढून घेणारी नळी, मिळतो. पण गवंडी पातळी बघायला वापरतात ती पारदर्शक लेव्हलची नळी हार्डवेअरवाल्याकडे मीटरवर मिळते, ती त्याहून बरी. दोन फुटी टाकीला आतून १० ते १२ मिलिमीटरची, दोन मीटर लांब नळी पुरते. फार जाड नळी घेतली तर निम्मा तळ साफ व्हायच्या आत टाकी रिकामी होते. टाकी लहान असेल तर एअर पंपाची बारीक नळी घ्या आणि तिचं टोक प्लास्टिकच्या पट्टीला रबरबँडने बांधा, म्हणजे ती हातात सरळ राहते. याशिवाय दोन बादल्या, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवणाऱ्या अँटी क्लोरीनची बाटली, एक बशी आणि विणायची सुई किंवा तशीच एखादी गुळगुळीत काडी. या बादल्यांत कपड्यांचा साबण कधीही गेलेला नसावा. त्या माशांसाठीच वेगळ्या ठेवा.

नळी लावण्याआधी

सकाळी, खाद्य घालायच्या आधीची वेळ चांगली. फिल्टर आणि हीटर दोन्हींची बटणं बंद करा. फिल्टर चालू राहिला तर उडालेली वाळू त्याच्या पंख्यात जाते आणि पंखा घासून खराब होतो. पाण्याबाहेर उघडा पडलेला गरम हीटर तडकतो. बटणं बंद केल्यावर दहा मिनिटं थांबलात तर तरंगणारी घाणही खाली बसते. तेवढ्यात काचेवरचं शेवाळ पुसून घ्या, म्हणजे तेही तळाशी जाईल आणि नळीत येईल.

हाताला चीर किंवा जखम असेल तर लांब हातमोजे घाला. टाकीच्या पाण्यातून जखमेला चिवट संसर्ग होऊ शकतो. नळी तोंडाने ओढून पाणी सुरू करायची सवय अनेकांना असते, तीही याच कारणाने सोडा. अख्खी नळी टाकीत बुडवा, आतले बुडबुडे निघून जाऊ द्या, एक टोक अंगठ्याने घट्ट दाबा आणि ते बाहेर काढून बादलीत सोडा. बादली टाकीपेक्षा खाली असली की अंगठा काढताच धार सुरू होते.

नळी कशी फिरवायची

सगळी मेख इथे आहे. नळीचं तोंड वाळूत खुपसायचं नाही. ते वाळूच्या वर आडवी दोन बोटं ठेवायचं आणि हात लहान वर्तुळात फिरवत राहायचा. पाण्यात हलका भोवरा तयार होतो, विष्ठा वाळूपेक्षा हलकी असल्याने ती आधी उठते आणि नळीत ओढली जाते. वाळू जेमतेम थरथरते आणि तिथेच बसते. तांदूळ धुताना आपण पातेल्यात हात फिरवतो, कोंडा वर येतो, तो पाण्याबरोबर ओतून देतो आणि तांदूळ तळाशी राहतात. तेच तत्त्व.

पहिल्या दिवशी थोडी वाळू नळीत येईलच. नळी पारदर्शक असल्याने ती चढताना दिसते. दिसली की बाहेरची नळी दोन बोटांत चिमटीत धरा. धार मंदावते, वाळू जड असल्याने नळीतून परत खाली घसरते, घाण मात्र तरंगत राहते. चिमटी सोडली की घाण पुढे जाते. दर वेळी वाळू फारच येत असेल तर ओढ जास्त आहे असं समजा. बादली जितकी खाली, तितकी ओढ जोरदार. बादली जमिनीवरून उचलून स्टुलावर ठेवा, फरक लगेच कळेल.

कुठून सुरुवात करायची? आदल्या संध्याकाळी पाच मिनिटं टाकीसमोर बसून बघा. फिल्टरची धार पाणी ज्या बाजूला ढकलते त्याच्या एखाद्या कोपऱ्यात आणि मोठ्या दगडामागे घाणीचे ढीग साठतात. माझ्या टाकीत डाव्या मागच्या कोपऱ्यात, लाकडाच्या आडोशाला, बोटभर गाळ जमायचा आणि बाकी तळ जवळजवळ कोरा असायचा. फिल्टरचं तोंड थोडं वळवून मी तो ढीग पुढच्या काचेजवळ आणला. आता हात लाकडामागे घालावा लागत नाही. आधी असे ढीग उचला, मग उरलेला तळ.

पाणी एक चतुर्थांश कमी झालं की थांबा. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत काठोकाठ ५६ लिटर पाणी मावतं. वाळू, दगड आणि वरची रिकामी जागा वजा केली तर ४५ ते ४८ लिटर उरतं. म्हणजे काढायचं साधारण १२ लिटर, आंघोळीची बादली पाऊण भरेल इतकं. घाण उरली असली तरी आजचं काम इथेच संपवा. उरलेली पुढच्या आठवड्यात निघेल.

वाळूच्या पोटातली हवा

वाळूचा थर तीन-चार सेंटिमीटरपेक्षा जाड नको. जाड आणि फार बारीक वाळू खाली घट्ट बसते, तिच्या तळाशी प्राणवायू पोचत नाही आणि तिथे सडलेल्या अंड्यासारखा वास असलेला हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. काचेतून पाहिलं तर अशा जागी वाळू काळी पडलेली दिसते. हे होऊ नये म्हणून दर आठवड्याला तळाचा फक्त चौथा भाग काडीने हळूच चाळवायचा, पुढच्या आठवड्यात शेजारचा. महिन्याभरात सगळा तळ फिरून होतो. झाडांच्या मुळांजवळ काडी घालू नका, मुळं ते काम स्वतः करतात.

आधीच काळे पट्टे पडले असतील तर एका दिवसात सगळं ढवळू नका. तळहाताएवढी जागा चाळवा, बुडबुडे निघू द्या, लगेच तेवढं पाणी ओढून घ्या आणि बाकीचं पुढच्या आठवड्यासाठी ठेवा. मासे वर येऊन धापा टाकू लागले तर काम थांबवून एअर पंप लावा.

नवं पाणी

नव्या पाण्यात बाटलीवर दिलेल्या प्रमाणात अँटी क्लोरीन घाला आणि हाताने दोन्ही पाण्यांचा गारवा ताडून बघा. जानेवारीत सकाळी नळाचं पाणी इतकं गार असतं की मासे दचकतात. थोडं कोमट पाणी मिसळलं की भागतं. वाळूवर बशी ठेवा आणि मगाने पाणी बशीवर ओता. थेट ओतलं तर वाळूत खड्डा पडतो आणि राहिलेली घाण टाकीभर पसरते. पाणी निवळल्यावर, पंधरा-वीस मिनिटांनी, फिल्टर आणि हीटर चालू करा.

फिल्टरचा स्पंज मळला असेल तर तो मघाशी काढलेल्या टाकीच्या पाण्यातच दोन-तीनदा पिळा. नळाच्या पाण्यात नाही, कारण वर सांगितलेले जिवाणू स्पंजातच राहतात.

मदतनीस आणि खाद्य

‘सकर ठेवा, टाकी साफ राहते’ असं सर्रास सांगितलं जातं. सकर, म्हणजे काचेला तोंडाने चिकटणारा मासा, थोडंफार शेवाळ खातो, विष्ठा खात नाही. उलट तो फूटभर वाढतो आणि गोल्डफिशइतकीच घाण करतो. मग लोक कंटाळून त्याला तलावात सोडतात. हाच मासा आज उजनीच्या जलाशयात मच्छिमारांची जाळी फाडतो आहे. तळाशी चरणारे कोरीडोरास मासे वाळू चाळतात, दिसतात फार गोड, पण तेही विष्ठा खात नाहीत. खरा उपयोग होतो तो वाळूत शिरणाऱ्या शंखाकृती गोगलगायींचा. त्या उरलेलं खाद्य खातात आणि रात्रभर वाळू पोखरून मोकळी ठेवतात. त्यांची संख्या एकदम वाढली तर खाद्य जास्त पडतंय असं समजा.

निम्मी घाण आपल्याच हातून पडते. दोन मिनिटांत संपेल इतकंच खाद्य घाला. गोल्डफिश किती मागतो त्यावर जाऊ नका. त्याला जठरच नसतं, तो दिवसभर मागतच राहतो.

नवी वाळू आणताना एक काळजी घ्या. बांधकामाची क्रश सँड बेसाल्ट फोडून केलेली असते. तिच्या धारदार कडांनी तळाशी चरणाऱ्या माशांच्या मिशा झिजतात. कोकणातल्या किनाऱ्यावरची वाळूही नको, तिच्यातल्या शिंपल्यांच्या चुऱ्यामुळे पाणी जड होत जातं. शंका असेल तर चमचाभर वाळूवर व्हिनेगर टाका. फेस आला तर ती वाळू परत द्या.

शेवटी बादलीतलं पाणी. ते मोरीत ओतू नका. त्यात नायट्रेट असतं आणि तुळस, जास्वंद, मिरचीच्या कुंड्या ते आनंदाने पितात. वरचं पाणी कुंड्यांना घालून झालं की बादलीच्या तळाशी मूठभर वाळू सापडेल. त्याच पाण्याच्या शेवटच्या घोटात ती हलवून घ्या आणि बोटांनी अलगद टाकीत परत सोडा.