नखं कापू न देणाऱ्या कुत्र्याची नखं कशी कापायची

नेलकटरचा ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला की कुत्रा पलंगाखाली. ओढून काढला की पंजा हिसकावतो, मग एकजण धरणार, दुसरा कापणार, तिसरा लांबून "अरे हळू हळू" करणार आणि शेवटी दोन नखं कापून सगळे घामाघूम. ज्यांच्या घरी हे होतं त्यांच्यासाठी लिहितेय. आधीच सांगते, एका बैठकीत सगळी नखं उरकायची ट्रिक यात नाहीये. कुणी अशी ट्रिक सांगितलीच तर नीट बघा, बहुतेक वेळा ती कुत्र्याला दाबून धरायचीच ट्रिक असते.

पहिल्यांदा शोधायचं की त्याला नेमकं काय नकोय. खूप कुत्र्यांना कापण्याआधी पंजा धरलेलाच आवडत नाही, काहींना कटरचा कट्ट आवाज नको असतो, आणि काहींना आधी कधीतरी दुखलेलं असतं ते डोक्यात पक्कं बसलेलं असतं. कटर बाजूला ठेवा, कुत्रा निवांत पडलेला असताना खांद्यावरून हात फिरवत हळूहळू खाली या, आणि तो कुठे ताठ होतो ते बघा. कोपर? मनगट? बोटं? जिथे ताठ झाला तिथून आपली सुरुवात, त्याच्या पुढे आज जायचंच नाही. ताठ होणं म्हणजे काय तर ओठ चाटणं, उगाच जांभई, तोंड फिरवणं, डोळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दिसणं, कान मागे, किंवा एकदम पुतळ्यासारखं स्तब्ध होणं. स्तब्ध झालेल्या कुत्र्याला लोक "बघ किती शहाणा बसलाय" म्हणतात, तो शहाणा वगैरे काही नाही, घाबरलाय. आणि गुरगुरला तर ओरडू नका प्लीज. गुरगुरणं ही वॉर्निंग आहे, ओरडून ती बंद केली तर पुढच्या वेळी वॉर्निंग न देता डायरेक्ट चावेल.

कुत्रा म्हातारा असेल, किंवा आधी नीट करू द्यायचा आणि आता अचानक नाही म्हणतोय, तर आधी व्हेटला, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरला, दाखवा. सांधे दुखत असतील तर पाय उचलणंच दुखतं, बोटांच्या मध्ये इन्फेक्शन असेल तर हात लावलेला सहन होत नाही, तिथे ट्रेनिंगने काही होणार नाही.

आता नखाबद्दल थोडं, कारण हे कळलं की आपला हात थरथरत नाही. नखाच्या आत एक जिवंत भाग असतो, त्याला क्विक म्हणतात, त्यात रक्तवाहिनी आणि मज्जातंतू (नर्व्ह) दोन्ही असतात, म्हणून तिथे कापलं की रक्तही येतं आणि दुखतंही. पांढऱ्या नखात तो गुलाबी दिसतो, त्याच्या थोडं अलीकडेच थांबायचं, सोपं आहे. काळ्या नखात बाहेरून काही दिसत नाही, तिथे पातळ पातळ चकत्या काढत जायचं आणि प्रत्येक चकतीनंतर कापलेल्या जागेकडे समोरून बघायचं. सुरुवातीला ती जागा कोरडी, खडूसारखी दिसते, मग मध्यभागी एक गडद, ओलसर ठिपका दिसायला लागतो. ठिपका दिसला की स्टॉप. नख फार वाढलं की क्विकही लांबतो, म्हणून वाढलेली नखं एकदम छोटी करता येत नाहीत. दर आठवड्याला टोकाचं अगदी थोडं कापत राहिलं की क्विक हळूहळू मागे सरकतो. आणि हेच घाबरट कुत्र्यासाठी बरं पडतं, कारण आपल्यालाही थोडंच कापायचंय.

एकूण नखं साधारण १८ असतात, पुढच्या पायांना पाच पाच आणि मागच्यांना चार चार, काही कुत्र्यांना मागेही जास्तीची असतात. पुढच्या पायाच्या आतल्या बाजूला जरा वर असतं ते अंगठ्याचं नख विसरू नका, ते जमिनीला घासत नाही त्यामुळे झिजत नाही, आणि वळून वळून कातडीत घुसू शकतं. केसाळ कुत्र्यात तर ते दिसतसुद्धा नाही, बोटाने चाचपावं लागतं.

कटर कोणता? मला स्वतःला पक्कडसारखा, कात्रीसारखी दोन पाती असलेला बरा वाटतो, मोठ्या जाड नखांनाही चालतो. भोकात नख घालून दाबायचा प्रकार येतो तोही चालतो पण हलणाऱ्या कुत्र्याचं नख त्या भोकात घालणं हाच एक वेगळा कार्यक्रम होतो. काहीही घ्या पण धार पाहिजे, बोथट कटर नख कापत नाही, चेपतो, आणि ते चेपणंच दुखतं. ग्राइंडर हा तिसरा पर्याय, त्याने एकदम जास्त कापलं जायची भीती कमी असते, पण आवाज आणि थरथर असते आणि नख गरम होतं, म्हणून एका जागी एक-दोन सेकंदांपेक्षा जास्त टेकवायचा नाही. पंजाचे लांब केस मागे धरा, गुंतले तर मग तो कुत्रा ग्राइंडरला जन्मात माफ करणार नाही.

आता मुख्य काम. खाऊ असा घ्या जो एरवी मिळतच नाही, उकडलेल्या चिकनचे अगदी बारीक तुकडे बहुतेकांना चालतात. क्रम महत्त्वाचा आहे, आधी स्पर्श, मग खाऊ. उलट केलं, म्हणजे खाऊ दाखवून बोलावलं आणि मग पंजा धरला, तर कुत्रा खाऊलाच घाबरायला लागतो, हुशार असतात ते. कोपराला हात लावला, खाऊ. परत लावला, खाऊ. दोन-तीन मिनिटं झाली की बंद, त्याला अजून हवं असतानाच बंद करायचं. कोपराला हात लावल्यावर तो खाऊसाठी तुमच्या तोंडाकडे बघायला लागला की समजा पुढे जाता येईल, मग मनगट, मग पंजा, मग पंजा हलकेच धरणं, मग एक बोट, मग नख दाबल्यासारखं करणं. कटर याच्या बराच नंतर येतो, आणि तो सुद्धा आधी नुसता जमिनीवर पडलेला असतो, कुत्रा त्याला हुंगतो, खाऊ. मग हातात. मग लांबून कट्ट आवाज, त्यासाठी एखादी न शिजवलेली स्पॅगेटीची काडी कापायची, आवाज बराचसा नखासारखाच येतो. मग नखाला नुसता टेकवायचा, कापायचं नाही. हे किती दिवस चालेल ते कुत्र्यावर आहे, काहींचं आठवड्यात होतं आणि काहींना महिने लागतात, मध्येच मागे गेलं तर एक पायरी मागे यायचं, एवढंच.

ज्यांना अजून नीट करायचंय त्यांनी चिराग पटेल या ट्रेनरचा बकेट गेम बघावा. आयडिया अशी की समोर खाऊची छोटी बादली ठेवायची, कुत्रा बादलीकडे बघत असेल तोपर्यंत आपण पंजाला हात लावायचा, त्याने नजर हटवली की आपण लगेच हात काढायचा. म्हणजे थांबवायचं बटण कुत्र्याच्या हातात. ऐकायला वाटतं की मग तो कधीच करू देणार नाही, पण आपण नको म्हटल्यावर माणसं खरंच थांबतात हे त्यांना एकदा पटलं की कुत्रे जास्त वेळ टिकतात. फक्त तुम्ही बेईमानी करायची नाही, "हे एकच राहिलंय" म्हणून पाय धरून ठेवला की गेम संपला.

प्रत्यक्ष कापायच्या दिवशी कुत्रा फिरून, दमून आलेला असावा, उजेड भरपूर असावा, खाली चटई असावी म्हणजे पाय घसरत नाहीत. पाय बाजूला ओढायचा नाही, कुत्र्याचा पुढचा पाय बाजूला फारसा उघडत नाही, तो मागच्या दिशेने दुमडून उचला, तळवा वर येतो आणि नखही नीट दिसतं. बोट दोन बोटांत हलकं धरा, खालचा पॅड, म्हणजे पंजाखालची मऊ गादी, थोडा वर दाबला की नख पुढे येतं. टोक अगदी थोडं, साधारण ४५ अंशात कापा. एक नख कापलं, भरपूर खाऊ, संपलं. हो, एकच. रोज एक म्हटलं तरी अठरा दिवसांत फेरी पूर्ण होते आणि परत पहिल्यावर येता. मदतीला दुसरं कोणी असेल तर त्याने चाटायच्या मॅटवर पीनट बटर लावून समोर धरावं, फक्त डब्यावर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) लिहिलेलं नाही ना ते वाचा, ते कुत्र्यांसाठी विषारी असतं. चावायची शक्यता असेल तर जाळीचा मझल (तोंडाला बांधायचं मुसकं) वापरा, त्यात तोंड उघडता येतं आणि खाऊही देता येतो, पण मझलची सवयसुद्धा अशीच खाऊ देत देत आधी लावायची.

रक्त आलंच तर पॅनिक होऊ नका, दिसतं जास्त पण असतं थोडं. स्टिप्टिक पावडर, म्हणजे रक्त थांबवायची पावडर, आधीच जवळ ठेवा, नसेल तर कॉर्नफ्लोअर चालतं, नखाच्या टोकावर दाबून काही मिनिटं धरून ठेवा, सारखं उघडून बघू नका. त्या दिवशी पुढचं नख नाही. बराच वेळ दाबूनही थांबलंच नाही तर व्हेट.

कटर बघूनच थरथर कापणाऱ्यांसाठी एक मस्त पर्याय आहे, स्क्रॅच बोर्ड. फळीवर सॅंडपेपर चिकटवायचा, तिरपा धरायचा आणि पंजाने खरडायला शिकवायचं, खरडलं की खाऊ. कुत्रा स्वतःच नखं घासतो, आपण हातसुद्धा लावायचा नाही. पुढच्या पायांचं काम छान होतं, मागच्यांचं शिकवायला वेळ लागतो, आणि ते अंगठ्याचं नख यात घासलं जात नाही, त्याचं वेगळं बघावं लागतं. खरडताना पॅड घासला जात नाहीये ना तेवढं बघत राहा.

आणि नखं आत्ताच वळून पॅडला टोचत असतील तर ट्रेनिंगची वाट बघत बसू नका. व्हेट भीती कमी करणाऱ्या, नखं कापायच्या आधी द्यायच्या गोळ्या लिहून देतात, गरज पडली तर गुंगी देऊन कापतात, त्यात कमीपणा काही नाही. घरातली माणसांची पेनकिलर किंवा झोपेची गोळी मात्र स्वतःच्या मनाने द्यायची नाही, पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन दोन्ही कुत्र्यांसाठी धोकादायक आहेत. गुंगीत असतानाच सगळी नखं, अंगठ्यासकट, कापून घ्या, म्हणजे घरी तुम्हाला काही आठवडे घाई राहत नाही. मग एक-दोन दिवस त्याला शांत राहू द्या आणि कोपरापासून सुरू करा.